खर्डा

‘खर्डेघाशी’ हा शब्द मराठीत आता केवळ तुच्छतेने वापरला जातो. दिवसभर मेजाशी बसून कागदामागून कागद काळे करणारा, स्वतःचे असे काही न सांगता वरिष्ठांचा मजकूर उतरवून काढणारा जो कारकून, त्याच्या जिण्यावर आपण हा शब्द सहज फेकतो. परंतु ज्या खर्ड्यावरून तो आला तो खर्डा म्हणजे काय, त्याची शिस्त कोणती, आणि त्या शिस्तीने या प्रांतातील किती पिढ्यांना आपले म्हणणे नीट मांडावयास शिकविले, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. परीक्षांच्या हंगामात अमरावतीच्या राजकमल चौकाकडे फेरी मारली, तर पुस्तकांच्या दुकानांतून तयार निबंधांच्या पुस्तकांच्या चळती दिसतात. मुलगा त्यांतले एखादे घेऊन जातो, पाच-सात निबंध मुखोद्गत करतो, आणि परीक्षेच्या दालनात पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत एकदाही मागे वळून न पाहता सारे उत्तरपत्रिकेत ओतून मोकळा होतो. निबंध हा असा एका दमात ओतावयाचा असतो ही त्याची प्रामाणिक समजूत असते, आणि ती त्याला आपणच दिलेली आहे. वऱ्हाडची जुनी समजूत निराळी होती. लिहिणे म्हणजे दुसऱ्यांदा लिहिणे, ही गोष्ट या मुलुखाला फार पूर्वीपासून ठाऊक होती, आणि ती कोठून आली व कोठे हरवली याचा माग काढावा एवढ्याच हेतूने मी हे लिहितो आहे.

‘निबंध’ हा शब्द शाळेतल्या अर्थाने फार जुना नाही. संस्कृतात निबंध म्हणजे निरनिराळ्या स्मृतींतील वचने गोळा करून, त्यांची विषयवार मांडणी करून, जेथे दोन वचनांचा मेळ बसत नसे तेथे निर्णय देऊन रचलेला धर्मशास्त्राचा ग्रंथ. देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री याचा ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा निबंध, आणि कमलाकरभट्टाचा १६१२ सालचा ‘निर्णयसिंधु’ हाही निबंधच. गोळा करणे, लावणे आणि निवाडा देणे ही तीन कामे त्या शब्दाच्या पोटात पहिल्यापासून आहेत, आणि तिन्ही कामे बांधण्याची आहेत. ओतण्याचे त्यांत एकही नाही.

परंतु हेमाद्रीने जे संस्कृतात केले, तेच त्याच शतकात मराठी गद्यात प्रथम कोठे झाले असे कोणी विचारले, तर अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्याकडे, संत्र्यांच्या बागांनी वेढलेल्या रिद्धपूर या गावाकडे बोट दाखवावे लागते. महानुभाव पंथाचे गोविंदप्रभू येथे राहिले. चक्रधरस्वामी उत्तरापंथे निघून गेल्यावर नागदेवाचार्य व इतर शिष्यमंडळी येथेच जमली. आणि येथील वाजेश्वरीच्या स्थानी बसून म्हाइंभटाने शके १२०० च्या, म्हणजे इ. स. १२७८ च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ हे स्वामींचे चरित्र सिद्ध केले. मराठीतील पहिला गद्यग्रंथ म्हणून त्याचा उल्लेख सारेच करतात. तो कसा लिहिला गेला याची हकीकत मात्र शाळेत कोणी सांगत नाही, आणि लिहावयास शिकणाऱ्या मुलाला ग्रंथाच्या मानाइतकीच ती हकीकत कळणे अगत्याचे आहे.

म्हाइंभट हा मूळचा सराळ्याचा, शास्त्रे पढलेला, वादविवादात निष्णात असा पंडित. त्याने मनात आणले असते तर आपल्या आठवणीवर आणि आपल्या पांडित्यावर विसंबून एक डौलदार चरित्र त्याला सहज रचता आले असते. त्याने तसे केले नाही. स्वामींच्या आठवणी नागदेवाचार्य मनोमन घोकीत असतात हे कळल्यावर, आपल्यामागून येणाऱ्यांनी काय करावे हा प्रश्न त्याने उभा केला, आणि अनुज्ञा मिळताच प्रथम नागदेवाचार्यांकडून व मग ज्या ज्या भक्ताने जे जे पाहिले वा ऐकले होते त्या त्या भक्ताकडे जाऊन एकेक प्रसंग टिपून घेतला. कोणती गोष्ट कोठे घडली, त्या वेळी जवळ कोण होते, बोलणे कोणी काढले, हे त्याने जागच्या जागी नोंदविले. म्हणून आजही ‘लीळाचरित्र’ उघडले की गावांची, देवळांची, मठांची नावे पावलोपावली भेटतात. नंतर त्या टिपणांची लावणी झाली. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे तीन भाग पडले, प्रत्येक लीळेला आपले ठिकाण मिळाले, आणि नागदेवाचार्यांच्या देखत तपासणी होऊन मगच ग्रंथाला मान्यता लाभली. साधने जमविणे, त्यांची मांडणी, पहिले लेखन आणि जाणत्या माणसाच्या नजरेखालून झालेले शोधन, असे हे सगळे टप्पे रिद्धपुरात साडेसातशे वर्षांपूर्वी एका माणसाने ओळीने पार पाडले.

पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ प्रत हरवली, आणि ज्यांनी ज्यांनी ती पाठ केली होती त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला. तेव्हा एका शिष्याला एक प्रसंग एका रीतीने आठवे, दुसऱ्याला दुसऱ्या. या भिन्न आठवणींना महानुभावांनी ‘वासना’ अशी संज्ञा दिली आणि अमुक गोष्ट अमक्याच्या वासनेप्रमाणे अशी आहे हे नमूद करून ठेवले. आपल्या मजकुरात जेथे शंका आहे तेथे ती झाकू नये, उघड लिहावी, हा केवढा मोठा संस्कार आहे! सहाशे-सातशे वर्षांनी जेव्हा ह. ना. नेने यांनी १९३६ च्या सुमारास या ग्रंथाचे भाग छापावयास घेतले, आणि मलकापूर तालुक्यातील नरवेलचे वि. भि. कोलते यांनी १९७८ साली अनेक पोथ्या ताडून त्याची संशोधित आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढे जे काम होते त्याचा पाया त्या जुन्या लेखकांनीच आपल्या निर्मळ सवयीने घालून ठेवला होता.

म्हाइंभटाची आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्याची वाक्ये लहान आहेत. मोठा पंडित असून त्याने मोठी वाक्ये लिहिली नाहीत, कारण त्याला ज्यांच्यासाठी लिहावयाचे होते ती माणसे साधी होती, त्यांत म्हाताऱ्या बायका होत्या, आणि संस्कृताच्या वाटेने गेलो तर त्या अंतरतील अशी नागदेवाचार्यांची आपल्या केशिराज या शिष्याला ताकीद होती. आपण कोणासाठी लिहितो आहोत हे एकदा ठरले की शब्द कोणते घ्यावेत याचा अर्धा निकाल लागतो.

धर्माच्या आश्रयाने जशी ही एक शिस्त वाढली, तशी दुसरी कचेरीच्या आश्रयाने वाढली. वऱ्हाड हा शतकानुशतके मोगलाईचा आणि नंतर निजामाचा मुलूख. परगण्याचे देशमुख आणि देशपांडे, गावचा पाटील आणि पांड्या, यांची दप्तरे मोडीत चालत, वरचा दरबारी व्यवहार फारसीत चाले, आणि दोहोंच्या सरमिसळीतून लेखनाची जी परिभाषा घडली ती आजही आपल्या तोंडी आहे, मात्र तिच्यातला अर्थ आपल्या ध्यानात राहिलेला नाही. ‘मसुदा’ हा शब्द घ्या. तो मूळ अरबी, आणि त्याचा अर्थ ‘काळा केलेला’ असा आहे. जो कागद खाडाखोडीने, वर-खाली घातलेल्या शब्दांनी, समासातल्या भरीने काळा झाला तो मसुदा. आणि त्यावरून स्वच्छ उतरविलेल्या प्रतीला त्याच भाषेत ‘पांढरी केलेली’ म्हणत. कागद काळा झाल्याशिवाय तो पांढरा होत नाही, हे त्या मुनशांनी नुसत्या दोन शब्दांत सांगून ठेवले होते.

या कचेरीतील कागदाचा प्रवास पाहण्यासारखा असे. कारकून प्रथम टाचण करी, म्हणजे ज्या गोष्टी मजकुरात यावयाच्या त्या एका चिटोऱ्यावर टाचून ठेवी. मग खर्डा होई. कागदाला उभी घडी घालून समास सोडलेला असे. त्या समासात वरचा अंमलदार आपल्या दुरुस्त्या करी, कलम गाळी, कलम वाढवी, एखादा शब्द फार कडक झाला असेल तर सौम्य करी, कारण चुकीच्या मायन्याने किंवा उद्धट शब्दाने तंटा उभा राहील ही धास्ती खरी होती. दुरुस्त खर्ड्यावरून नक्कल होई. आणि नक्कल झाल्यावरही काम संपत नसे: एकाने खर्डा मोठ्याने वाचावयाचा, दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून ऐकावयाचे, अशी रुजुवात घेतली जाई, आणि मग शेवटी ‘लेखनसीमा’ असा मोर्तब उठे. या सीमेनंतर कोणी एक अक्षरही घुसडू नये म्हणून तो ठसा असे. आपले म्हणणे संपले की लिहिणे थांबवावे आणि थांबल्याची खूण करावी, हेही त्यात आपोआप साधत असे.

या पद्धतीचे दोषही सांगितले पाहिजेत. मोडी लिहिणारा आधी कागदभर आडवी रेघ ओढी आणि बोरू शक्यतो न उचलता त्या रेघेखाली अक्षरे गुंफीत जाई. दोन शब्दांत जागा नाही, वाक्य कोठे संपले त्याची खूण नाही, परिच्छेद नाही. ज्याला संदर्भ ठाऊक तोच ते वाचू शके. लेखकाच्या हाताला त्याने वेग आला, पण वाक्य हा एक स्वतंत्र घटक आहे, त्याला आदि आणि अंत आहे, ही जाणीव त्या लेखनाने दिली नाही. ती बालबोध छपाईबरोबर आली. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ प्रसिद्ध केली, तेव्हा मराठी लेखकाला प्रथमच आपले वाक्य तोडून पाहण्याचे साधन मिळाले. कँडींच्या मराठीची पुढे पुष्कळ चेष्टा झाली. तथापि स्वल्पविराम आणि पूर्णविराम यांचा हिशेब त्यांनी आपल्याला दिला, हे त्यांचे ऋण मी तरी नाकारणार नाही.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले, पुढे १९०२ साली ते कायमच्या पट्ट्याने गेले आणि १९०३ पासून मध्यप्रांताला जोडले गेले. कापसाच्या व्यापाराने पैसा आला, १८६७ च्या सुमारास भुसावळ-नागपूर लोहमार्ग पुरा झाला, आणि अमरावती व अकोला या दोन गावी हायस्कुले उभी राहिली. पंतोजीच्या धुळपाटीवर अक्षर गिरवून आलेली, पाढे आणि मायने पाठ असलेली मुले या शाळांतून इंग्रजी शिकू लागली, मुंबई विश्वविद्यालयाच्या मॅट्रिकला बसू लागली, आणि ‘निबंध’ हा शब्द नव्या अर्थाने त्यांच्या कानी पडला. तो अर्थ विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पक्का केला. जानेवारी १८७४ मध्ये त्यांनी ‘निबंधमाला’ सुरू केली, पहिल्याच लेखात मराठी भाषेच्या सद्यःस्थितीचा झाडा घेतला, आणि सुमारे आठ वर्षांत जवळजवळ एकट्याच्या लेखणीने ८४ अंक काढले.

याच काळात अकोल्याच्या शाळेत एक मुलगा शिकत होता. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचा, घरची गरिबी विलक्षण, शिकण्यासाठी कऱ्हाड, रत्नागिरी असा भटकत, मध्यंतरी कचेरीत उमेदवारी करून, नातलगांच्या आधाराने तो वऱ्हाडात आला आणि १८७५ साली अकोल्याहून मॅट्रिक झाला. गोपाळ गणेश आगरकर ते हेच. अकोल्यास त्यांना विष्णु मोरेश्वर महाजनी हे शिक्षक लाभले. महाजनी एम. ए. झालेले, शेक्सपिअरच्या ‘सिंबेलाइन’वरून ‘तारा’ नाटक रचणारे, कवी आणि टीकाकार. त्यांचे आयुष्य वऱ्हाडच्या शिक्षणखात्यात गेले आणि १९०७ साली पुण्यास भरलेल्या ग्रंथकार संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. निर्धन पण तेजस्वी विद्यार्थ्याला त्यांनी पुण्याच्या वाटेला लावले. अकोल्याहून निघणाऱ्या ‘वऱ्हाड समाचार’सारख्या पत्रांत लेख लिहून आगरकरांनी आपल्या शिक्षणाचा काही भार उचलला असे त्यांचे चरित्रकार सांगतात, आणि डेक्कन कॉलेजात असताना एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालण्याची त्यांची गोष्ट तर महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे.

मला येथे आगरकरांच्या सुधारकी मतांविषयी लिहावयाचे नाही. त्यांच्या ग्रंथांच्या यादीत एक लहानसे पुस्तक आहे, त्याकडे लक्ष वेधावयाचे आहे. १८८८ साली, ज्या वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढला त्याच वर्षी, त्यांनी ‘वाक्यमीमांसा आणि वाक्याचे पृथक्करण’ हे पुस्तक लिहिले. ज्याने केसरीचे संपादकत्व केले, ज्याने डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले, ज्याच्या डोक्यात साऱ्या समाजाची उलथापालथ चालली होती, त्या माणसाने बसून वाक्याचे उद्देश्य कोणते, विधेय कोणते, पोटवाक्य मुख्य वाक्याला कोठे जोडले जाते, हे मुलांसाठी उकलून दाखवावे, यात मला मोठी संगती दिसते. ज्याला विचाराचे पृथक्करण करावयाचे आहे त्याला वाक्याचे करता आले पाहिजे. आगरकरांचा कोणताही निबंध घ्या; प्रतिपक्षाचा मुद्दा आधी पुरता मांडलेला, मग तो एकेका अंगाने सोडविलेला, आणि दोन परिच्छेदांच्या मधला सांधा हाताला लागू नये इतका गुळगुळीत. कचेरीतील उमेदवारीत हाताखालून गेलेले खर्डे, अकोल्यातील शिक्षकाची देखरेख आणि वर्तमानपत्राची जागेची मर्यादा या तिघांनी मिळून तो हात घडविला असावा असे मला वाटते.

अकोल्याने आणखीही लेखक दिले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे शालेय शिक्षण तेथेच झाले. १९१२ साली हरि नारायण आपट्यांच्या अध्यक्षतेखाली साहित्यसंमेलन तेथे भरले. अमरावतीत १९०४ साली कुसुमावती देशपांडे जन्मल्या, ज्यांनी पुढे मराठी समीक्षेला मोजून-मापून लिहिण्याचे वळण दिले व १९६१ साली संमेलनाच्या पहिल्या स्त्री-अध्यक्षा झाल्या. आणि तेथेच १९२३ च्या मकरसंक्रांतीला विदर्भ साहित्य संघाची स्थापना झाली. हे सर्व सर्वश्रुत आहे.

मग खर्डा हरवला कोठे? माझ्या मते तो परीक्षेच्या दालनात हरवला. वऱ्हाडच्या मुलांची परीक्षा आधी मुंबईने घेतली, १९०४ च्या कायद्यानंतर अलाहाबादने, १९२३ पासून नागपूरने, आणि १९८३ पासून अमरावतीला स्वतःचे विद्यापीठ लाभले. परीक्षा घेणारे बदलले, पण घड्याळ तेच राहिले. तीन तासांत अनेक प्रश्न, त्यांतला एक निबंध, त्याला फार तर अर्धा-पाऊण तास. एवढ्या वेळात दोनदा लिहिणे शक्य नाही, हे मान्य. पण परीक्षेत जे शक्य नाही ते शाळेतही करावयाचे नाही, असा जो अर्थ हळूहळू रूढ झाला, त्याने अनर्थ केला. वर्षभर शाळेत वेळ होता. खर्ड्याची वही आणि पक्की वही अशा दोन वह्या ठेवता आल्या असत्या. त्याऐवजी परीक्षेची घाई जूनपासूनच वर्गात शिरली, आणि खाडाखोड हा अव्यवस्थितपणाचा पुरावा ठरून तिचे गुण कापले जाऊ लागले. ज्या कागदाला जुना मुनशी अभिमानाने मसुदा म्हणत होता, त्या कागदाबद्दल मुलगा हातावर छडी खाऊ लागला.

ही छडी मीही खाल्ली आहे. अकोला जिल्ह्यातील ज्या शाळेत मी काही काळ होतो, तेथे निबंध फळ्यावर लिहून देत, आम्ही तो उतरवून घेत असू, आणि पावसाळ्यावरचा माझा निबंध शेजारच्या मुलाच्या निबंधाहून एका शब्दानेही वेगळा नसे. त्या वर्षी दुष्काळ होता, विहिरींचे तळ दिसत होते, आणि आम्ही सत्तर मुलांनी मुसळधार पावसाचे वर्णन स्वच्छ अक्षरात लिहिले. पुढे वडिलांची बदली झाली आणि दुसऱ्या गावी मला निराळे गुरुजी भेटले. त्यांच्या घराण्यात तहसील कचेरीची नोकरी दोन पिढ्या चालत आलेली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी वहीचे पान उभे दुमडावयास सांगितले. डाव्या अंगाला लिहावयाचे, उजवे अंग कोरे ठेवावयाचे. ते कोरे अंग कशासाठी, हे विचारल्यावर ते म्हणाले, “थे माह्यासाठी आन् उद्याच्या तुह्यासाठी.”

विषय होता ‘आमच्या गावचा आठवडी बाजार’. मी पूर्वीच्या शाळेतला शिरस्ता स्मरून सहस्ररश्मी सूर्यनारायणाच्या उदयापासून आरंभ केला, बाजारात नाना प्रकारच्या वस्तू येतात असे लिहिले, आबालवृद्धांच्या आनंदाचे वर्णन केले आणि दीड पानात निबंध संपविला. गुरुजींनी तो शांतपणे वाचला, पेन्सिल टेकविलीही नाही, आणि विचारले, “बाबू, तू कालच्या बाजारात गेलता का?” मी होय म्हटले. कोणत्या वाटेने गेलास, बरोबर कोण होते, कोठे थांबलास, असे एकामागून एक विचारता विचारता त्यांनी माझ्याकडून काढून घेतले की मी वडिलांबरोबर बैलबाजारात उभा होतो. दलालाने आणि विकणाऱ्याने एका रुमालाखाली हात घातले होते. तोंडाने दोघेही पीकपाण्याचे बोलत होते, आणि सौदा रुमालाखाली बोटांनी चालला होता. मधेच विकणाऱ्याचा चेहरा उतरला आणि त्याने बैलाच्या वशिंडावर हात ठेवला. “हे कुठी लेहलं तू?” त्यांनी विचारले. मी लिहिले नव्हते. मला ते लिहिण्याजोगे वाटलेच नव्हते. त्यांनी एक चिटोरा दिला आणि सांगितले, आधी नुसते टाचण कर. रुमाल, बोटे, चेहरा, वशिंड, एवढे चार शब्द लिही आणि घरी जा.

दुसऱ्या दिवशी मी साडेतीन पाने खर्डा घेऊन गेलो. आता सगळेच आले होते, ढेपेचे भाव आले होते, भजी आली होती, हरवलेली चप्पल आली होती. गुरुजी हसले नाहीत. अकोल्याच्या कोणत्याही मुलाला कळेल अशा भाषेत ते म्हणाले, “कापूस त आनला तुनं, पन सरकी काढाची रायली.” तीन मण कापूस रेच्यात घातला तर रुई जेमतेम मणभर निघते, बाकीची सरकी, आणि सरकी वाईट नसते, तिची ढेप होते, तिचे तेल निघते, पण ती रुईत राहिली तर सूत निघत नाही. साडेतीन पानांची सव्वा पाने करून आण, असे त्यांनी सांगितले. कोणते ठेवावयाचे आणि कोणते काढावयाचे, हे त्यांनी सांगितले नाही. फक्त एक प्रश्न उजव्या अंगाला लिहून दिला: ‘हे कोणाला सांगतो आहेस?’ मी ते माझ्या मामाला सांगतो आहे असे ठरविले, कारण मामा मुंबईला गिरणीत होता आणि त्याने दहा वर्षांत बैलबाजार पाहिला नव्हता. तसे ठरविताच चप्पल आणि भजी आपोआप गळाली, आणि रुमालाखाली बोटे कशी मोजतात हे मात्र अधिक फोड करून लिहावे लागले.

भाषेच्या बाबतीत त्यांचा जो नियम होता तो वऱ्हाडातल्या प्रत्येक शिक्षकाने ऐकावा असा आहे. आमचे घरचे बोलणे वऱ्हाडी; ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’, ‘जाऊन रायला’. पुस्तकी मराठीत विचार करावयास बसलो की अर्धा वेळ शब्द शोधण्यात जाई आणि हाती लागत ते पाठ केलेले शब्द. गुरुजी म्हणत, खर्डा वऱ्हाडीत लिही. मनात जसे आले तसे उतरू दे. ‘तो रडून रायला होता’ असे लिहिले असेल तर नकलेच्या वेळी ‘तो रडत होता’ करता येते, ते अर्ध्या मिनिटाचे काम आहे; पण जे खर्ड्यात उतरलेच नाही ते नकलेत कोठून येणार? एखादा शब्द पुस्तकी मराठीत बसणार नाही असे वाटले तरी त्याला पर्याय सापडेपर्यंत तो काढीत नसत. पुष्कळदा पर्याय सापडत नसे आणि तो शब्द तसाच पक्क्या वहीत जाई. म्हाइंभटाने म्हाताऱ्या बायकांच्या तोंडची मराठी ग्रंथात घेतली, हे त्यांना ठाऊक होते की नाही हे मी कधी विचारले नाही. पुढे रिद्धपूरला गेलो तेव्हा मात्र मला प्रथम त्यांचीच आठवण झाली.

नक्कल झाली की रुजुवात होई. मी खर्डा वाचावयाचा, शेजारच्या मुलाने पक्क्या वहीवर बोट ठेवावयाचे, मग उलट. मोठ्याने वाचताना जेथे श्वास अडखळे तेथे वाक्य अडखळले आहे असे धरून चालावयाचे. डोळ्याला जी चूक दिसत नाही ती कानाला लागते, हे मला त्या रुजुवातीत कळले, आणि आज इतक्या वर्षांनी, काही छापावयास देण्यापूर्वी, मी दार लावून ते मोठ्याने वाचतो.

आता रिद्धपुरास मराठी भाषेचे विद्यापीठ स्थापन झाले आहे. दहावीच्या मराठीच्या पुस्तकात प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक लेखन अशी निबंधाची निरनिराळी अंगे शिकविली जातात, पत्र, बातमी आणि सारांश यांनाही स्थान आहे, आणि हे सर्व स्वागतार्ह आहे. शिक्षकांना मात्र एवढी मुभा दिली जावी की, वर्षात दहा निबंध घेण्याऐवजी त्यांनी तीनच घ्यावेत आणि प्रत्येक तीनदा लिहून घ्यावा. तपासताना पक्क्या प्रतीबरोबर खर्डाही मागावा आणि गुण दोहोंना मिळून द्यावेत. ज्या वर्गात साठ-सत्तर मुले आहेत तेथे हे कष्टाचे आहे याची मला जाणीव आहे, आणि म्हणूनच रुजुवातीचे काम मुलांनी एकमेकांत वाटून घेण्याची जुनी रीत मला शहाणपणाची वाटते.

माझी ती दुमडलेल्या पानांची वही अजून आहे. तिच्या डाव्या अंगाला माझे अक्षर, उजव्या अंगाला गुरुजींच्या पेन्सिलीतले प्रश्न, आणि जेथे प्रश्नाचे उत्तर पुढच्या लेखनात मिळाले तेथे त्यांनी लहान अक्षरात ‘रुजू’ असे लिहिले आहे. वर्षाच्या अखेरीस एकदा मी आळसाने खर्डा केलाच नाही, थेट पक्क्या वहीत, माझ्या मते फार सुरेख निबंध लिहिला, आणि तो त्यांच्या पुढे ठेवला. त्यांनी तो पुरा वाचला, वही मिटली, माझ्या हातात दिली आणि विचारले, “बेस हाये. याचा खर्डा कुठी हाये?”